जीसीची पीक्यू चाचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅस क्रोमॅटोग्राफीवर (जीसी, म्हणजे नमुन्याची वाफ करून त्यातली संयुगं वेगळी करून मोजण्याचं तंत्र) काम करणाऱ्यांकडून पीक्यूबद्दल, म्हणजे यंत्र रोजच्या कामात नीट चालतं का याच्या चाचणीबद्दल, येणारे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. कुणी नव्याने रुजू झालेलं असतं, कुणाचं ऑडिट तोंडावर आलेलं असतं, कुणाची चाचणी आदल्या संध्याकाळी फेल झालेली असते. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे पायाभूत आहेत, पुढचे अडचणीचे. एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडे पुन्हा सांगितलेलं नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पीक्यू म्हणजे नेमकं काय? डीक्यू, आयक्यू, ओक्यू, पीक्यू यांत माझा नेहमी गोंधळ होतो.

हे चारही एकाच यंत्राच्या आयुष्यातले टप्पे आहेत. डीक्यू (डिझाइन क्वालिफिकेशन) खरेदीच्या आधी होते: कोणते नमुने येणार, कोणता डिटेक्टर (संयुग आलं की सिग्नल देणारा भाग) लागेल, किती कमी मात्रा पकडायची हे लिहून काढायचं आणि घेत असलेलं यंत्र त्यात बसतं का ते पाहायचं. आयक्यू (इन्स्टॉलेशन क्वालिफिकेशन) म्हणजे मागवलं तेच यंत्र आलं, वीज, गॅस आणि जागा योग्य आहे, बसवणी नीट झाली, याची नोंद. ओक्यूमध्ये (ऑपरेशनल क्वालिफिकेशन) एकेक भाग मोजून पाहतात. ओव्हनला १०० अंश सांगितले तर आत खरोखर तेवढे आहेत का, पडद्यावर दिसणारा प्रवाह प्रत्यक्षात तेवढाच आहे का. पीक्यूमध्ये (परफॉर्मन्स क्वालिफिकेशन) हे सगळे भाग एकत्र चालवायचे, तुमच्या रोजच्या कामासारख्या परिस्थितीत आणि तुमच्याच माणसाच्या हातून. निकाल सातत्याने बरोबर येतो का, हा तिथला प्रश्न.

ही चौकट यूएसपी या अमेरिकी औषधकोशाच्या १०५८ क्रमांकाच्या प्रकरणात मांडलेली आहे. ते २००८ साली लागू झालं आणि २०१७ साली सुधारलं गेलं. त्यात उपकरणांचे ए, बी, सी असे तीन गट केले आहेत. जीसीसारखी संगणकावर चालणारी गुंतागुंतीची यंत्रं सी गटात येतात, म्हणजे त्यांना पूर्ण क्वालिफिकेशन लागतं. अन्न, पाणी, इंधन तपासणाऱ्या प्रयोगशाळा बहुधा आयएसओ १७०२५ पाळतात. तिथे भाषा वेगळी आहे, पण उपकरण वापरात आणण्याआधी ते ठरवलेल्या गरजा पूर्ण करतं याचा पडताळा त्यातही मागितलेला आहे.

२. कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर ओक्यू करून सर्टिफिकेट देऊन गेला. मग वेगळी पीक्यू कशाला?

इंजिनिअरने त्याचा कॉलम (संयुगं वेगळी करणारी लांब बारीक नळी) लावला, त्याचं प्रमाणित सोल्युशन टोचलं, त्याची मेथड (तपासणीची ठरलेली रीत) चालवली. यंत्र शाबूत आहे एवढं त्यातून सिद्ध झालं. तो गेल्यावर तुम्ही तुमचा कॉलम लावता. नट किती आवळला, कॉलमचं टोक इनलेटमध्ये (नमुना टोचण्याची गरम जागा) किती मिलिमीटर आत गेलं, कापलेली कड सरळ आहे की दातेरी, यातलं काहीच त्या सर्टिफिकेटवर नसतं.

मी स्वतः हे अनुभवलं आहे. सकाळी ओक्यू निर्दोष पार पडली होती आणि दुपारी आमच्या मेथडमध्ये अल्कोहोलच्या पीकला (आलेखावर प्रत्येक संयुगाचा उठणारा उंचवटा) लांबलचक शेपूट येत होतं. दोष आम्ही कापलेल्या कॉलमच्या टोकात निघाला. ओक्यूचा कागद खोटा नव्हता, तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत होता.

पीक्यूची जबाबदारी यंत्र वापरणाऱ्याची आहे. इंजिनिअरची मदत जरूर घ्या. मात्र मर्यादा ठरवणं आणि निकालाचा अर्थ लावणं त्याच्यावर सोपवू नका, कारण तुमचे नमुने त्याला माहीत नसतात.

३. आम्ही रोज सिस्टिम सुटेबिलिटी करतोच. तीच पीक्यू धरली तर?

सिस्टिम सुटेबिलिटी, म्हणजे नमुन्यांआधी स्टँडर्ड (माहीत असलेल्या सांद्रतेचं सोल्युशन) टोचून यंत्र तयार आहे का ते पाहणं, एका मेथडपुरती आणि त्या दिवसापुरती असते. तिला काही दोष दिसतच नाहीत. समजा, ओव्हन ३ अंशांनी जास्त तापतो. स्टँडर्ड आणि नमुना दोघांचेही पीक सारखेच लवकर येतील, रिझोल्युशन (शेजारच्या पीकमधला सुटेपणा) बसेल, आरएसडी (पुन्हा पुन्हा मोजलेल्या आकड्यांचा सरासरीच्या टक्क्यांतला विखुरलेपणा) बसेल आणि सगळं पास होईल. तीच मेथड दुसऱ्या यंत्रावर नेली की भांडण सुरू होतं.

तरी दोघींचं नातं आहे. सिस्टिम सुटेबिलिटीचे आकडे महिन्यामागून महिने एका तक्त्यावर मांडले तर तो पीक्यूचा फार मोलाचा भाग होतो. काही प्रयोगशाळा चालू पीक्यू अशीच करतात, आणि ते मला पटतं, मात्र तीन अटींवर. योजना आधी लिहिलेली हवी. निवडलेल्या मेथडनी यंत्राचे वापरातले सगळे भाग व्यापलेले हवेत. आणि तुमची सर्वांत अवघड मेथड त्यात असायला हवी. उलट बाजूनेही एक सांगतो: कालच पीक्यू झाली म्हणून आजची सिस्टिम सुटेबिलिटी माफ होत नाही.

४. पीक्यूमध्ये काय काय तपासायचं?

एफआयडी (संयुगं ज्योतीत जाळून सिग्नल देणारा डिटेक्टर) आणि ऑटोसॅम्पलर (आपोआप इंजेक्शन देणारं उपकरण) असलेल्या साध्या जीसीवर मी एवढं तरी पाहतो. पीकच्या क्षेत्रफळाची पुनरावृत्ती. रिटेन्शन टाइमची (संयुगाला कॉलममधून बाहेर यायला लागणारा वेळ) पुनरावृत्ती. वापरातल्या पट्ट्यात प्रतिसाद सरळ रेषेत आहे का. सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर. बेसलाइन (पीक नसतानाची रेषा) किती सरकते. पीकचा आकार आणि शेजारच्या दोन पीकमधलं अंतर. आधीच्या इंजेक्शनचा अंश पुढच्यात उतरतो का.

यातल्या दोन गोष्टींवर थांबायला हवं.

पहिली, सरळ रेषेची. सहसंबंध गुणांक ०.९९९ आला की बहुतेक जण पुढे जातात. हा आकडा वरच्या पातळ्यांच्या जोरावर उभा असतो. सर्वांत खालच्या पातळीवर २० टक्क्यांची चूक असली तरी तो ०.९९९ दाखवू शकतो, आणि अशुद्धीचं मोजमाप नेमकं त्या खालच्या टोकाला होतं. म्हणून प्रत्येक पातळीवर क्षेत्रफळाला सांद्रतेने भागा आणि येणारे आकडे शेजारी शेजारी मांडा. एका टोकाला ते घसरत किंवा चढत गेले तर लगेच कळतं.

दुसरी, मागे उरणाऱ्या अंशाची. तीव्र सोल्युशननंतर एकच ब्लँक (नुसत्या सॉल्व्हंटचं इंजेक्शन) देऊन भागत नाही, निदान दोन द्या. पहिल्यात पीक दिसला आणि दुसऱ्यात तो बराच खाली आला, तर सिरिंज किंवा लायनरमध्ये (इनलेटमधली काचेची नळी) काही मागे राहतं आहे. दोन्हींत सारखाच दिसला तर तो आधीच्या नमुन्याचा नाही. धुण्याचं सॉल्व्हंट, सेप्टम (सुई जिच्यातून आत जाते ती रबरी चकती) किंवा गॅस तपासा.

५. मर्यादा किती ठेवायच्या? सगळीकडे चालतील असे आकडे सांगा.

एफआयडीसाठी क्षेत्रफळाचा आरएसडी २ टक्क्यांच्या आत आणि रिटेन्शन टाइमचा १ टक्क्याच्या आत, असे आकडे प्रोटोकॉलमध्ये (चाचणीची आधी लिहिलेली योजना) सर्रास दिसतात. ते चुकीचे नाहीत, पण उचलून तसेच चिकटवले तर पीक्यूचा जीव जातो. इलेक्ट्रॉनिक दाबनियंत्रण असलेल्या निरोगी यंत्रावर रिटेन्शन टाइमचा आरएसडी सहज ०.१ टक्क्याच्या आत राहतो. तो ०.८ वर आला तर काहीतरी बिनसलं आहे, आणि १ टक्क्याची मर्यादा त्याला खुशाल पास करते.

मर्यादा कामातून यायला हवी. तुमच्या सर्वांत कडक मेथडला १ टक्का आरएसडी लागत असेल तर यंत्राला २ टक्के मोकळीक देऊन काय साधणार? दुसरीकडे, फार घट्ट मर्यादा उगाच फेल करवते. सहा इंजेक्शनांतून काढलेला आरएसडी स्वतःच बराच डोलतो. यंत्राचा खरा विखुरलेपणा १ टक्का असेल तर सहांच्या संचातून मिळणारा आकडा साधारण ०.४ ते १.६ च्या दरम्यान कुठेही पडू शकतो, आणि तेही ९५ टक्के वेळाच. खरा विखुरलेपणा ०.८ आणि मर्यादा १.० ठेवली तर धडधाकट यंत्र सुमारे सहा वेळांत एकदा फेल होईल. म्हणून आधी काही आठवडे आकडे गोळा करा, यंत्राची नेहमीची चाल ओळखा आणि मग मर्यादा लिहा. ती का निवडली हे एका वाक्यात प्रोटोकॉलमध्ये नोंदवा. ऑडिटमध्ये आकड्यापेक्षा त्या वाक्याबद्दल जास्त विचारतात.

६. पाच इंजेक्शनं की सहा?

यूएसपीच्या ६२१ क्रमांकाच्या प्रकरणातला संकेत असा: मर्यादा २ टक्के किंवा कमी असेल तर पाच, त्याहून जास्त असेल तर सहा. तो सिस्टिम सुटेबिलिटीसाठी आहे. पीक्यूसाठी मी सहा घेतो, वेळ असेल तर दहा. कारण प्रश्न ५ मध्ये आलं आहे.

७. चाचणीसाठी कोणतं सोल्युशन वापरावं? अल्केनचं मिश्रण पुरे आहे का?

टेट्राडेकेन, पेंटाडेकेन आणि हेक्झाडेकेन आयसोऑक्टेनमध्ये विरघळवलेलं मिश्रण एफआयडीसाठी फार चांगलं आहे. टिकतं, लवकर उडत नाही, पीक सुरेख येतात. पण त्याच्या चांगुलपणातच अडचण आहे. अल्केन कशालाच चिकटत नाहीत. लायनर मळला, काचेवरचं निष्क्रिय आवरण गेलं, कॉलमचं तोंड खराब झालं, तरी त्यांचा पीक सरळ उभा राहतो. अमाइन, आम्ल आणि अल्कोहोल मात्र तिथे अडकतात, शेपूट सोडतात, कधी निम्मे गायब होतात.

म्हणून दोन सोल्युशनं ठेवा. एक अल्केनचं, वर्षानुवर्षं तेच, म्हणजे जुन्या आकड्यांशी तुलना होते. दुसऱ्यात तुमच्या नमुन्यांसारखं निदान एक हट्टी संयुग असू द्या. कॉलमची परीक्षा घ्यायची असेल तर आम्ल, अमाइन, अल्कोहोल, एस्टर आणि अल्केन एकत्र असलेलं ग्रोब मिश्रण वापरतात. ते तासाभरात बरंच काही बोलून जातं.

सॉल्व्हंट निवडताना वाफेचा हिशेब करा. २५० अंश आणि सुमारे १० पीएसआय दाबाला १ मायक्रोलिटर पाण्याची वाफ जवळजवळ १.४ मिलिलिटर होते, मिथेनॉलची सुमारे ०.६ मिलिलिटर. ४ मिलिमीटर व्यासाच्या नेहमीच्या लायनरमध्ये जेमतेम १ मिलिलिटर मावतं. पाण्याची वाफ त्यातून उतू जाते, वर सेप्टमपर्यंत आणि गॅसच्या नळीत शिरते, आणि मग आरएसडी का येत नाही म्हणून आपण सिरिंज बदलत बसतो.

आणखी एक छोटी गोष्ट. एकदा टोचलेली वायल (सोल्युशनची छोटी बाटली) दुसऱ्या दिवशी वापरू नका. भोकातून सॉल्व्हंट उडत राहतं आणि सांद्रता वाढत जाते.

८. ओव्हनचं तापमान आणि गॅसचा प्रवाह पीक्यूतही मोजायचा का?

ते ओक्यूचं काम आहे आणि कॅलिब्रेट केलेल्या प्रोब आणि फ्लोमीटरनेच करायला हवं. पीक्यूत ते अप्रत्यक्ष दिसतं: ठरावीक कॉलमवर ठरावीक अल्केनचा रिटेन्शन टाइम मागच्या वेळच्या जवळ आहे का? आयसोथर्मल (एकाच तापमानाच्या) रनमध्ये तापमान साधारण १५ अंशांनी उतरलं की रिटेन्शन दुप्पट होतं, असा ढोबळ अंदाज आहे. म्हणजे एका अंशाला साडेचार टक्के. तेव्हा रिटेन्शन टाइम ४–५ टक्क्यांनी हलला असेल तर 'कॉलम जुना झाला असेल' म्हणून सोडून देऊ नका. प्रोब घालून पाहा.

९. पीक्यू किती दिवसांनी करायची?

एकच नियम कुठेही लिहिलेला नाही. वर्षातून एकदा ओक्यू आणि सहा महिन्यांनी किंवा तिमाहीला पीक्यू, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. मी वापर पाहून ठरवतो. दिवसरात्र मळके नमुने घेणारं यंत्र आणि आठवड्यातून दोनदा शुद्ध सॉल्व्हंट तपासणारं यंत्र यांना एकाच तारखेला बांधण्यात अर्थ नाही. काळ वाढवायचा असेल तर मागच्या पीक्यूंचे आकडे पुरावा म्हणून जोडा. कामाचा ताण वाढला, हे काळ वाढवण्याचं कारण होऊ शकत नाही.

१०. कशानंतर पीक्यू पुन्हा करावी लागते? सेप्टम बदलल्यावरही?

सेप्टम, लायनर, ओ-रिंग, सिरिंज, कॉलमचं टोक छाटणं ही रोजची देखभाल झाली. लॉगबुकमध्ये नोंद, गळतीची तपासणी आणि सिस्टिम सुटेबिलिटी एवढं पुरतं. त्याच प्रकारचा नवा कॉलम लावला तरी तेच. एफआयडीचा जेट किंवा कलेक्टर साफ केला तर मी संवेदनशीलता आणि नॉइज पुन्हा पाहतो.

इलेक्ट्रॉनिक दाबनियंत्रणाचा भाग, ओव्हनचा हीटर किंवा सेन्सर, डिटेक्टरचं बोर्ड, पूर्ण ऑटोसॅम्पलर बदलला तर त्या भागाची ओक्यू आणि नंतर पीक्यू. यंत्र दुसऱ्या खोलीत नेलं तरी तेच, मग ते चार हातांवर का असेना. गॅसची पाइपलाइन बदलते, वीज बदलते, वातानुकूलनाचा झोत नेमका ओव्हनच्या मागच्या झडपेवर येऊ लागतो. सॉफ्टवेअरबद्दल प्रश्न १७ पाहा.

ही यादी बिघाड झाल्यावर तयार करू नका. कोणत्या दुरुस्तीला कोणती चाचणी, हे आधीच एका तक्त्यात मंजूर करून ठेवलं तर संध्याकाळी सात वाजता वाद होत नाही.

११. पीक्यू फेल झाली. आता काय करू?

सर्वांत आधी: पुन्हा इंजेक्शन देऊ नका. हात शिवशिवतो, मला माहीत आहे. पण कारण न शोधता पास होईपर्यंत टोचत राहणं ही या कामातली सर्वांत मोठी चूक आहे, आणि ऑडिट ट्रेलमध्ये (सॉफ्टवेअर आपोआप ठेवतं ती नोंद) ती उघडी पडते. पहिला डेटा जसाच्या तसा ठेवा, यंत्रावर 'वापरू नये' अशी पाटी लावा, डेव्हिएशन (ठरल्यापेक्षा वेगळं घडल्याची औपचारिक नोंद) उघडा.

मग क्रोमॅटोग्राम (यंत्राने काढलेला पीकचा आलेख) समोर घेऊन बसा. दोष बहुतेक वेळा लक्षणांतच लिहिलेला असतो.

रिटेन्शन टाइम पक्का आणि क्षेत्रफळ हलतं आहे: सिरिंज, तिच्यातला बुडबुडा, सेप्टम, लायनर, स्प्लिटचा (जास्तीची वाफ बाहेर सोडण्याचा) मार्ग. दोन्ही हलताहेत: गळती, गॅसचा दाब, ओव्हन. क्षेत्रफळ एकेका इंजेक्शनगणिक उतरत चाललं आहे: सेप्टम किंवा अडकत चाललेली सिरिंज. फक्त ध्रुवीय संयुगांना शेपूट आहे: लायनर किंवा कॉलमचं तोंड मळलं. सगळ्यांनाच शेपूट, अल्केनसकट: कॉलम नीट बसलेला नाही. जड अल्केनच कमी येतात आणि हलके ठीक: इनलेटमध्ये वजनानुसार भेदभाव होतो आहे. तापमान, लायनरचा प्रकार आणि टोचण्याचा वेग पाहा. नॉइज वाढला: ओव्हन थंड करून आणि डिटेक्टरचा हायड्रोजन बंद करून कॉलम डिटेक्टरमधून सोडवा, ते तोंड बंद करा, मगच गॅस पुन्हा सुरू करा आणि बेसलाइन पाहा. नॉइज गेला तर दोष कॉलमकडचा, राहिला तर डिटेक्टरचा किंवा त्याच्या गॅसचा. एफआयडीच्या कलेक्टरवर पांढरी भुकटी दिसली तर ती सिलिका असते, कॉलममधून झिरपणाऱ्या सिलोक्सेनची राख.

एका वेळी एकच गोष्ट बदला. सेप्टम, लायनर आणि सिरिंज एकदम बदलून यंत्र सुरू झालं तर ते सुरू झालं खरं, पण दोष कशात होता हे कायमचं हरवलं. अहवालात मग 'देखभाल केली, ठीक झालं' असं काहीतरी गुळमुळीत लिहावं लागतं आणि तीन महिन्यांनी तोच दोष परत येतो.

कारण सापडलं, दुरुस्त झालं, की पीक्यू पहिल्यापासून पूर्ण करा. फेल झालेला तेवढा भाग करून थांबू नका, कारण दुरुस्तीने दुसरं काही बदललेलं असू शकतं. आणि प्रश्न १२ विसरू नका.

१२. पीक्यू फेल झाली, पण मागच्या तीन महिन्यांचे निकाल तर दिले गेले आहेत. त्यांचं काय?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी मनापासून दाद देतो, कारण बहुतेक जण तो टाळतात.

मागची पास झालेली पीक्यू आणि आजची फेल यांच्या मधला सगळा डेटा तपासाच्या कक्षेत येतो. म्हणजे सगळा रद्द होतो असं नाही. दोष कसा आहे आणि कधी सुरू झाला हे शोधायचं. इथे प्रश्न ३ मधला सिस्टिम सुटेबिलिटीचा तक्ता कामी येतो: आरएसडी कोणत्या आठवड्यापासून चढू लागला ते त्यावर दिसतं. दोष सिरिंजचा असेल आणि दर रनमध्ये आधी आणि मध्ये लावलेली स्टँडर्डं मर्यादेत असतील, तर ते निकाल टिकतात, आणि ते का टिकतात हे लिहिता येतं. दोष संवेदनशीलतेचा असेल तर 'आढळलं नाही' असे दिलेले निकाल सर्वांत आधी पाहा. तिथे खरोखर काही नव्हतं की यंत्राला दिसलं नाही? त्या ओळीवर कुणीतरी औषध घेतं, कुणीतरी पाणी पितं.

१३. क्षेत्रफळाचा आरएसडी फेल होतो, पण इंटर्नल स्टँडर्डशी गुणोत्तर घेतलं की सुरेख पास. चालेल का?

इंटर्नल स्टँडर्ड (प्रत्येक सोल्युशनमध्ये सारख्याच मात्रेत मिसळलेलं दुसरं संयुग) इंजेक्शनच्या आकारमानातली चूक झाकतं, त्यासाठीच ते असतं. पीक्यूत आपल्याला तीच चूक पाहायची असते. तुमच्या सगळ्या मेथडमध्ये इंटर्नल स्टँडर्ड असेल तर गुणोत्तरावर मर्यादा लावायला माझी हरकत नाही, फक्त ते फेल होण्याआधी प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं हवं. तेव्हाही मूळ क्षेत्रफळाचा आरएसडी नोंदवा आणि त्याला एक सैल मर्यादा द्या. यंत्रावर एक जरी मेथड इंटर्नल स्टँडर्डशिवाय चालत असेल तर मूळ क्षेत्रफळच धरा. फेल झाल्यावर मोजण्याची रीत बदलणं मात्र कोणत्याही कारणाने मान्य नाही.

१४. यंत्राला दोन इनलेट आणि दोन डिटेक्टर आहेत. सगळ्या जोड्यांची पीक्यू करायची?

ज्या जोड्या वापरता त्यांची करा. पुढचं इनलेट एफआयडीला आणि मागचं ईसीडीला (हॅलोजनयुक्त संयुगांसाठीचा डिटेक्टर) जोडलेलं असेल तर दोन पीक्यू. न वापरलेली जोडी क्वालिफाय केलेली नाही असं स्पष्ट लिहा आणि यंत्रावर चिठ्ठी लावा, नाहीतर घाईच्या दिवशी कुणीतरी ती वापरतं. स्प्लिट (वाफेचा थोडाच भाग कॉलममध्ये सोडणं) आणि स्प्लिटलेस (जवळजवळ सगळी वाफ सोडणं) या दोन्ही रीती वापरात असतील तर दोन्ही तपासा. स्प्लिटलेसमध्ये झडप उघडण्याची वेळ आणि ओव्हनचं सुरुवातीचं तापमान यांवर सगळं अवलंबून असतं, स्प्लिटचा निकाल त्याबद्दल काही सांगत नाही.

१५. हेडस्पेस (वायलीतल्या नमुन्यावरची वाफ घेऊन टोचणारं उपकरण) जोडलेली आहे. द्रव टोचून पीक्यू केली तर पुरे ना?

नाही. द्रव टोचताना हेडस्पेसचा ओव्हन, सुई, लूप, नळी आणि दाबाचा क्रम यांतलं काहीच वापरात येत नाही. हेडस्पेसची पुनरावृत्ती सहा वेगवेगळ्या वायलींतून पाहायची. एकाच वायलीतून सहा वेळा वाफ घेतली तर प्रत्येक वेळी आतलं थोडं कमी होतं आणि क्षेत्रफळ उतरत जातं. ते यंत्राचा दोष नसून साधं भौतिकशास्त्र आहे. आरएसडी वाईट आला तर आधी झाकणं तपासा. क्रिंप केलेलं झाकण बोटांनी फिरत असेल तर ती वायल गळते.

उरलेली सॉल्व्हंटं तपासणाऱ्यांसाठी यूएसपीच्या ४६७ क्रमांकाच्या प्रकरणात आयते निकष आहेत. पहिल्या पद्धतीत, म्हणजे यूएसपीच्या यादीतल्या जी४३ प्रकारच्या कॉलमवर, वर्ग १ च्या (टाळायच्या सॉल्व्हंटांच्या) स्टँडर्डमध्ये १,१,१-ट्रायक्लोरोइथेनचं सिग्नल-नॉइज गुणोत्तर निदान ५ हवं. वर्ग २ च्या पहिल्या मिश्रणात ॲसिटोनायट्राइल आणि डायक्लोरोमिथेन यांचं रिझोल्युशन निदान १.० हवं. तुमचं हेच काम असेल तर पीक्यूही याच मिश्रणांवर बेतून करा. बेंझिनची मर्यादा २ पीपीएम आहे, तेव्हा वर्ग १ चं स्टँडर्ड टाळून फक्त मिथेनॉलवर केलेली पीक्यू म्हणजे पोहायची परीक्षा घोट्याएवढ्या पाण्यात.

१६. एफआयडीखेरीज इतर डिटेक्टरांसाठी काय बदलतं?

एफआयडीचा सरळ पट्टा सुमारे एकावर सात शून्यं इतका रुंद असतो, ईसीडीचा एकावर चार शून्यांच्या आसपास. म्हणून ईसीडीवर रेषेची चाचणी तुमच्या कामाच्या अरुंद पट्ट्यातच करा. संवेदनशीलतेसाठी लिंडेन हे कीटकनाशक वापरण्याची पद्धत आहे. बेसलाइनचा मूळ सिग्नल दर पीक्यूला लिहून ठेवा, तो हळूहळू चढत गेला तर डिटेक्टर किंवा गॅस मळतो आहे. आत निकेल-६३ हा किरणोत्सारी स्रोत असतो, तेव्हा तो उघडायचा नाही. गळतीसाठीची पुसून घेण्याची तपासणी नियमाप्रमाणे वेगळी होते.

टीसीडीत (गॅसची उष्णतावाहकता मोजणारा डिटेक्टर) गॅस सुरू नसताना फिलामेंट तापवलं तर ते जळतं, म्हणून पीक्यूच्या कागदात 'आधी गॅस, मग करंट' ही पायरी लिहाच. मास स्पेक्ट्रोमीटरवर (आयनांचं वस्तुमान मोजणारा डिटेक्टर) आधी ट्यून, म्हणजे जुळवणी. त्यासाठी वापरतात त्या पीएफटीबीए या संयुगाचे ६९, २१९ आणि ५०२ हे आयन आणि त्यांची गुणोत्तरं पाहा, २८ आणि ३२ वर हवा आत शिरते आहे का ते पाहा. ऑक्टाफ्लुओरोनॅफ्थॅलीनवर सिग्नल-नॉइज काढण्याची रूढ पद्धत आहे. पण नवीन यंत्रांवर नॉइज इतका कमी असतो की भागाकार वाटेल तेवढा फुगतो. तिथे कमी सांद्रतेच्या आठदहा इंजेक्शनांचा आरएसडी जास्त खरं सांगतो.

नॉइजची व्याख्या कोणती वापरली तेही लिहा. शिखर ते दरी मोजलेला नॉइज आणि वर्गमध्यमूळ काढलेला नॉइज यांत कित्येक पटींचा फरक पडतो. एकाच क्रोमॅटोग्रामवर सॉफ्टवेअरची एक खूण बदलली की गुणोत्तर बदलतं.

१७. सॉफ्टवेअर अपडेट केलं. पीक्यू पुन्हा?

आधी नेमकं काय बदललं ते चेंज कंट्रोलमध्ये (बदलांची औपचारिक नोंद) लिहा. पीक मोजण्याची किंवा यंत्र चालवण्याची पद्धत बदलली असेल तर हो. सोपा उपाय असा: अपडेटच्या आधी काही जुने क्रोमॅटोग्राम निवडून ठेवा, त्यांत एक वाकड्या बेसलाइनचा आणि एक जुळ्या पीकचा असू द्या. अपडेटनंतर त्याच मेथडने ते पुन्हा मोजा. आकडे तेच आले पाहिजेत. पीक्यूचे पीक हाताने इंटिग्रेट करू नका, म्हणजे बेसलाइन स्वतः आखून क्षेत्रफळ काढू नका. त्याची गरज पडत असेल तर ती गरजच एक निष्कर्ष आहे.

१८. कॅरियर (नमुना कॉलममधून वाहून नेणारा गॅस) म्हणून हेलियमऐवजी हायड्रोजन वापरायचा आहे. पीक्यू तीच ठेवू?

सोल्युशन तेच ठेवा, मर्यादा नव्याने ठरवा. हायड्रोजनवर योग्य वेग हेलियमपेक्षा जास्त असतो, रिटेन्शन टाइम बदलतात, जुना तक्ता तिथे संपतो आणि नवा सुरू होतो. एफआयडीत ज्योतीला मिळणारा एकूण हायड्रोजन म्हणजे कॅरियर आणि इंधन यांची बेरीज, तेव्हा इंधनाचा प्रवाह त्या हिशेबाने कमी करा. गरम इनलेटमध्ये किंवा मास स्पेक्ट्रोमीटरच्या स्रोतात हायड्रोजन काही संयुगांशी प्रक्रिया करतो. नायट्रोबेंझिनचं ॲनिलिन होणं हे त्याचं ठळक उदाहरण. अल्केनवर हे कधीच दिसणार नाही, म्हणून प्रश्न ७ मधलं दुसरं सोल्युशन इथे अत्यावश्यक आहे. आणि चाचणीच्या आधी सुरक्षितता: हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की तो पेट घेऊ शकतो. गळती शोधणारा सेन्सर बसवल्याशिवाय सुरुवात करू नका.

१९. यंत्र पंधरा वर्षं जुनं आहे, आयक्यूचे कागदच नाहीत. ऑडिटमध्ये काय दाखवू?

मागच्या तारखेचे कागद बनवू नका. कुणी सुचवलं तरीही. आज हातात आहे त्यापासून सुरुवात करा: यंत्राचे भाग आणि अनुक्रमांक, आज त्याच्याकडून काय अपेक्षित आहे, दुरुस्तीच्या ज्या काही नोंदी सापडतील त्या. त्यावर आजच्या तारखेने ओक्यू आणि पीक्यू करा आणि जुने कागद उपलब्ध नाहीत असं सरळ लिहा. प्रामाणिक त्रुटी समजावून सांगता येते.

२०. सगळ्या पीक्यू पास आहेत, तरी मला यंत्राबद्दल खात्री वाटत नाही. उगाच शंका घेतोय का?

मागच्या सहा पीक्यूंचे आकडे एका ओळीत मांडून पाहा. आरएसडी ०.५, ०.६, ०.८, ०.९, १.२, १.५ असे आले असतील तर सहाही पास आहेत आणि तुमची शंका खरी आहे. एखादा आकडा डोलणं वेगळं, प्रश्न ५ मध्ये ते आलं आहे. पण सहा वेळा एकाच दिशेने चढणं हा योगायोग क्वचितच असतो. पीक्यूच्या अहवालात 'पास' या शब्दाशेजारी मागचे आकडे छापायची सोय करून घ्या आणि सातव्या पीक्यूची वाट न पाहता याच आठवड्यात इनलेट उघडा.